आधी फेरी, मग चहा

“आधी फेरी, मग चहा.”

कोणाच्याही घरी गेलं की नानांचं पहिलं वाक्य हेच. घरची बाई बिचारी आधण ठेवून बसलेली, आणि हे चपला न काढता घराच्या बाजूने गायब! कोणाचा पत्रा पुढे आलाय, कोणाचा जिना शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलाय, सगळं बघून मगच ओट्यावर बसायचे. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. धुळ्यात आम्ही तर त्यांना पाहून रस्ता बदलायचो, खोटं कशाला बोलू?

अख्खी नोकरी त्यांनी जमीन मोजण्यात काढली होती. निवृत्त झाले तरी टेप खिशातच. म्हणायचे, “घराभोवती माणूस फिरला पाहिजे, भाऊ. आग लागली तर पाणी काय आभाळातून टाकणार?”

गल्लीत एकच फोन होता, त्या काळातली गोष्ट. मी जुनं घर विकत घ्यायला निघालो होतो. घर नानांच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचं, म्हणून मी अगदी निर्धास्त. यजमान वारल्यावर अक्कांना लेकीकडे साक्रीला जायचं होतं आणि घर विकल्याशिवाय त्यांचा पाय निघत नव्हता. आमच्या हिने तर देव्हाऱ्याची जागासुद्धा ठरवून टाकली होती.

व्यवहार पक्का करायला आम्ही अक्कांकडे जमलो, आणि नाना आधी फेरीला गेले. परत आले तेव्हा सदऱ्याच्या दोन्ही बाजूंना चुना लागलेला.

“भाऊ, हे घर असं घेऊ नका. नकाशात बाजूला पाच फूट मोकळी जागा आहे. इथे दीड फूटही नाही. स्वयंपाकघर त्या सोडायच्या जागेत, मार्जिनमध्ये आहे. उद्या नगरपालिकेचे लोक पाडायला तुमच्या दारात येतील, अक्काच्या नाही.”

अक्का दारातच उभ्या होत्या. “तूच ना बांधी दिन्हं व्हतं रे, नाना!”

“हा अक्का. म्हणीसनच मी सांगस.”

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं! अक्कांचे यजमान, म्हणजे नानांचे दाजी, शेवटी अंथरुणाला खिळले होते, एकाच खोलीत चूल, धुराने त्यांना खोकल्याची उबळ यायची. म्हणून नानांनी स्वतः उभं राहून स्वयंपाकघरासाठी भिंत बाहेर काढली होती. आयुष्यात मोडलेला तेवढाच एक नियम, आणि तोही त्यांनी माझ्यासारख्या परक्यासमोर कबूल केला.

पुढच्याच आठवड्यात गवंडी घेऊन आले. स्वयंपाकघर स्वतः पाडलं, अक्का जाईपर्यंत त्यांना मागच्या पडवीत स्वयंपाकाचा नवा ओटा घालून दिला, नगरपालिकेत खेटे घातले. मग खरेदी झाली. अक्का साक्रीला गेल्या त्या नानांशी एक शब्द न बोलता. त्या वर्षी राखी आली नाही. पुढेही कधी आली नाही. नाना मात्र दर दिवाळीला आमच्याकडे यायचे, त्या पाच फुटांतून फिरून यायचे आणि चहा घ्यायचे. राखीचं विचारलं की म्हणायचे, “साखर कमी आहे.”

आता नाना नाहीत. त्यांच्या दहाव्याला अक्का साक्रीहून आल्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे. ही आत या म्हणाली, तर अक्का काठी टेकत बाजूने निघाल्या. जिथे त्यांची चूल होती तिथे थांबल्या, भिंतीवरून हात फिरवला. मी मागे उभा राहून रडत होतो, त्या नाही.

पूर्ण वळसा घालून त्या ओट्यावर बसल्या.

“सगळं मोकळं शे,” त्या म्हणाल्या. “आते ठेव वं माय चहा.”