मगधातली मिरची

सापगावात आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. जन्मभर इतिहास शिकवला. मुलीने मोबाइलवर प्राचीन राजांच्या लढायांचा गेम टाकून दिल्यापासून ते ओटीवर बसून मगधावर राज्य करतात आणि गेम बनवणाऱ्यांचा उद्धार करतात.

"बघ रे, मगधात मिरचीची शेतं! मिरची पोर्तुगीजांनी आणली. ह्यांना कोनी शिकवलं नाय काय?" असं म्हणून मांडीवर थाप मारतात आणि हातात खडू असल्यासारखं बोट हवेत धरतात.

एकदा त्यांनी ती सगळी शेतं उपटून टाकली. गेममधल्या प्रजेचं पोट त्या शेतांवरच होतं. माणसं पटापट मरायला लागली.

"गुरुजी, लोकं मरतात तुमची."

"मरू दे. इतिहासात खोटं चालायचं नाय."

मला त्यांचा आदर वाटला, आणि थोडी भीतीही.

परवा शत्रू पाटलीपुत्राच्या वेशीवर येऊन ठेपला. गुरुजींचं सिंहासन जायची वेळ आली. तेवढ्यात गेमने विचारलं, तोफा हव्यात का? गुरुजींनी चष्मा वर सरकवला, रस्त्यावर कोणी नाही ना ते पाहिलं आणि बटण दाबलं. धडाधड तोफा उडाल्या. शत्रू पळाला.

"गुरुजी, मगधात तोफा?"

या वेळी मांडीवर थाप पडली नाही.

"आपल्याकडं पयल्यापासून होत्या रे," ते शांतपणे म्हणाले. "पुरावे सापडायचेत फक्त."

मी मिरचीचं नाव काढलं नाही. प्रजा अजून उपाशीच होती.