पडलास की पाडलं?

मैदानावर पोर पडलं तरी आमचे फुटबॉलचे सर कधी धावत जायचे नाहीत. शिट्टी वाजवून खेळ थांबवायचे, संथ चालत त्या पोराजवळ जायचे आणि उकिडवे बसायचे. रडणं ओसरेपर्यंत गप्प. मग एकच प्रश्न.

"पडलास की पाडलं?"

आमच्या रत्नागिरीच्या हायस्कूलचं मैदान म्हणजे निव्वळ कातळ, वर लाल माती पसरलेली तेवढीच. गुडघा सोलून निघाला नाही असं मूल आमच्या पटावर शोधून सापडायचं नाही. पोरानं "पडलो" म्हटलं की सर म्हणायचे, "मग ऊठ." "पाडलं" म्हटलं की पुढचा प्रश्न, "कोणी?" ज्यानं पाडलं त्यानं पुढं यायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "मी पाडलं." सॉरी चालायचं नाही. "सॉरी नको रे, सॉरी कोणपण म्हणतो. 'मी' म्हण." एवढं म्हटलं की शिक्षा संपली. मग दोघांनी नळावर जायचं, पाडणाऱ्यानं दुसऱ्याचा गुडघा धुऊन द्यायचा, आणि खेळ पुढं चालू.

मी त्या शाळेत ऑफिसात क्लार्क. माझं टेबल मैदानाकडच्या खिडकीशी, त्यामुळे फाइलींपेक्षा मी फुटबॉलच जास्त पाहिला असं मुख्याध्यापक म्हणतात. म्हणू देत. पगार मला वेळेवर बिलं काढण्याचा मिळतो आणि ती मी काढते.

सरांचं हे खूळ मैदानापुरतं राहिलं असतं तर ठीक. पण ते ऑफिसातही यायचं. शिपाई म्हणाला, "मॅडम, कपाटाची काच फुटली," की सर वर्तमानपत्रातून मान वर करणार. "आपणहून फुटली?" शिपाई बिचारा ओशाळून म्हणायचा, "फोडली हो सर, माझ्याकडनंच फुटली." "बघ, परत फुटली म्हणतोस." एकदा सभेत मुख्याध्यापक म्हणाले, यंदा निकाल खाली आला. मागच्या बाकावरून सरांचा आवाज आला, "आला की आणला?" मी तोंडाला पदर लावला. मुख्याध्यापक दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मला मात्र ती सवय लागली. आमच्या घरी दूध उतू गेलं की ओट्यापाशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला मी विचारते, "गेलं की घालवलंत?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा शब्दाला चिकटलेला माणूस असेल. आपण हसतो आणि सोडून देतो. त्यामागं काय आहे ते विचारायला जात नाही.

सर इथल्याच पालीकडच्या एका खेड्यातले. वडील मुंबईत नोकरीला, घरी आई आणि भातशेती. सर वडिलांकडे शिकायला गेले आणि तिथं फुटबॉलचा नाद लागला. पुढं मुंबईतल्या एका मोठ्या व्यावसायिक क्लबात गोलकीपर म्हणून त्यांना घेतलं. एवढं सगळ्या रत्नागिरीला ठाऊक होतं. क्लब का सोडला, हे विचारलं की म्हणायचे, "गुडघा." आणखी एक गोष्ट आम्हाला ठाऊक होती. स्टाफरूममधल्या बेसिनवरच्या आरशासमोर ते कधी उभे राहायचे नाहीत, केस हातानंच मागं सारायचे. टक्कल पडायला लागलंय ते बघवत नाही, अशी आम्ही त्यांची खुशाल चेष्टा करायचो.

मग त्या क्लबाची बातमी आली. एक तरुण खेळाडू हॉस्पिटलात पोचला होता, आणि त्याच्या आईनं क्लबाच्या दारात उभं राहून सांगितलं होतं की माझा मुलगा आजारी पडलेला नाही, त्याला यांनी आजारी केलंय. सरांनी ती बातमी वाचली, पेपर घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसले. पोरं खिडकीबाहेर बॉलसाठी ओरडत होती.

"मॅडम, तिथं जे चालायचं त्याला आम्ही आरसा म्हणायचो," ते म्हणाले.

मॅच हरली की कोच दार लावून घ्यायचा. ज्याच्यामुळे हरलो असं त्याला वाटेल त्याला मधे उभं करायचा. बाकीच्यांनी भोवती रिंगण करून एकेकानं त्याच्याबद्दल एकेक वाक्य बोलायचं, लागेल असं. हसायचं नाही, रडायचं नाही, खाली बघायचं नाही. जो बोलणार नाही तो पुढच्या वेळी मधे. मन घट्ट होतं म्हणे यानं. मॅनेजर दाराशी खुर्ची टाकून बसलेला असायचा, मोबाइल बघत.

"तुम्हाला उभं केलं होतं?" मी विचारलं.

"किती वेळा! माझ्या चालण्यावर बोलायचे, माझ्या 'नाय'वर बोलायचे. आईवर बोलले एकदा. त्याचं काय नाय मॅडम. म्हणजे आहे. पण ते निराळं."

मग त्यांनी चिपळूणजवळच्या अलोऱ्याच्या एका मुलाचं सांगितलं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. तोही त्याच क्लबात, सरांपेक्षा लहान, डाव्या पायाचा विंगर. दोघं रत्नागिरी जिल्ह्यातले, म्हणजे गाववाले. मुंबईत गाववाला भेटला की माणूस कसा मोकळा होतो, तुम्ही पाहिलं असेल. एकमेकांचे डबे, एकमेकांची गाऱ्हाणी. त्या मुलानं एकदा सरांना सांगितलं होतं की घरातून निघताना वडील म्हणाले, तू कशाच्याच कामाचा नाहीस, तिथूनही हाकलतील तुला. सांगताना तो हसला होता. सर म्हणाले, हसत होता पण जेवला नाही.

काही महिन्यांनी एका पराभवानंतर तो मुलगा मधे उभा होता. कोच सरांकडे वळला. "तू याचा गाववाला ना? तुला माहीत असेल याला काय लागतं. तुमच्याच भाषेत बोल."

"आणि मी बोललो," सर म्हणाले. "बाकीच्यांची वाक्यं खेळाबद्दल होती. मी म्हटलं, तुझा बापूस बरोबर बोलला होता."

त्यानंतर तो मुलगा क्लबात आला नाही. सामान न्यायलाही नाही. अलोऱ्याला घरी परतला आणि खोलीत बसून राहिला. सरांनी बरेच फोन केले, दर वेळी आई म्हणायची, तो कोणाशी बोलत नाही हो. पुढं फोन लागेना.

मला कोचाचा इतका संताप आला की हातातला स्टॅम्प मी पॅडवर आपटत राहिले. सरांना मी म्हटलं, "अहो, तुमच्याकडून वदवून घेतलं ते." सरांनी मान हलवली. "वदवून त्यानं घेतलं. बोललो मी."

क्लबानं चौकशी समिती नेमली आणि जुन्या खेळाडूंना जबानीला बोलावलं. मुंबईला जाण्याऐवजी व्हिडिओवर चालेल म्हणाले. चालणारा कॅमेरा फक्त माझ्याच कॉम्प्युटरला होता. वार्षिक परीक्षांमुळे शाळा सकाळची होती, त्यामुळे दुपारी ऑफिसात आम्ही दोघंच. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पडद्यावर तीन चेहरे होते: एक वकील बाई, एक डॉक्टर आणि क्लबाचा एक माणूस.

सरांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. त्या वकील बाई भल्या होत्या, उगाच नावं कशाला ठेवू. त्यांनी टिपून घेतलेलं वाचून दाखवलं. "क्लबातील 'आरसा' या प्रथेमुळे काही खेळाडूंना मानसिक त्रास झाला."

"झाला नाय, बाई," सर म्हणाले. "दिला."

बाईंना आधी कळलंच नाही. सरांनी समजावलं, अगदी मैदानावर समजावतात तसं. झाला म्हटलं की पावसासारखं होतं, कोणाचंच नाव नाही. प्रथा काय आपल्या पायानं चालत आली? कोचानं दिला, त्याचं नाव लिहा. मॅनेजर बसून बघत होता, त्याचं लिहा. वरच्या ऑफिसात तक्रार गेली होती आणि ती दाबली, दाबणाऱ्याचं लिहा. बाई लिहीत गेल्या. क्लबाचा माणूस पाणी प्यायला.

"आणि अलोऱ्याच्या मुलाला त्या दिवशी मी दिला. माझं नाव लिहा."

बाईंनी पेन थांबवलं. "हे बघा, तुम्हीही यात भरडले गेलात. तुमच्यावर दबाव होता, ते मी लिहितेच आहे. त्या वाक्याखाली तुमचं नाव घालायची काही गरज नाही. तुम्ही शाळेत मुलांबरोबर काम करता. हा अहवाल प्रसिद्ध होणार आहे. नीट विचार करा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याच्या मागं उभी होते. मी जोरजोरात मान हलवली, नको. आज विचारलंत तरी मी नकोच म्हणीन. या शाळेत त्यांना कंत्राटावर ठेवलेलं, मैदान सोडून त्यांना दुसरं काही नव्हतं, आणि आपल्याकडची माणसं काय वाचतात आणि काय गाळतात ते मला चांगलं ठाऊक होतं.

"लिहा," सर म्हणाले. "नायतर कोचपण म्हणेल, मलाही कोणीतरी सांगितलं होतं."

कॉल संपल्यावर मी विचारलं, "बरं वाटतंय का आता?" म्हणाले, "नाय हो. भूक लागलीय." माझ्या डब्यात ओल्या काजूची उसळ होती. ती दोघांनी मिळून खाल्ली, आणि बोलायला काही नव्हतं म्हणून तिखट जास्त झालंय यावर बराच वेळ बोललो.

अहवाल आला. खरं सांगायचं तर चांगला आला. कोचाला काढलं, पुन्हा कुठल्या क्लबानं घेऊ नये असं लिहिलं, मॅनेजर गेला, आणि क्लबानं जाहीर माफी मागितली ती नावानिशी. त्या आईचा फोटो पेपरात पाहून मी ऑफिसात एकटीच रडले. सरही आनंदले होते, त्या दिवशी त्यांनी पोरांना भेळ खायला घातली.

मग अहवालातलं एकच पान पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलं. सरांचं नाव असलेलं. दबावाचं वाक्य त्याच्या आधीच्या पानावर होतं, ते कोणी पाठवलं नाही. असा माणूस आमच्या मुलांजवळ नको, असं एकानं लिहिलं आणि मग खाली सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. ज्यांची पोरं सरांनी अंगाखांद्यावर खेळवली होती, त्यांनीसुद्धा. मिरकरवाड्यातल्या दोन आया तेवढ्या भांडायला आल्या. मासळीचा लिलाव सोडून आल्या होत्या बिचाऱ्या, पण शाळेच्या कमिटीसमोर त्यांचं कोण ऐकतो!

मुख्याध्यापकांनी मला बोलावून म्हटलं, "काय करणार, वातावरणच तसं निर्माण झालंय."

"झालंय की केलंय?" मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनाही सर आवडायचे, हे मी नाकारत नाही.

सरांनी कंत्राट पुढं चालू ठेवू नका असं स्वतःच सांगितलं. शिट्टी, जाळ्या, बॉल, सगळं मोजून माझ्या ताब्यात दिलं. मी त्यांना बोलले, चांगलं खरमरीत बोलले. म्हटलं, "सगळे सुटले आणि खरं बोलणारा तेवढा अडकला, कशाला पडलात यात?" ते म्हणाले, "मॅडम, कोच सुटला नाय. ते विसरू नका." पाली बाजारात चुलतभावाचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथं ते बसायला लागले. मैदानावर दुसरे सर आले. चांगले आहेत. पोर पडलं की धावत जातात.

मी सुट्टीच्या शिबिराचे अर्ज घेत होते तेव्हाची गोष्ट. एक माणूस दारात उभा राहिला. उंच, थोडा वाकलेला, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. चिपळूणवरून एसटीनं आलो म्हणाला. फुटबॉलचे सर कुठं भेटतील?

मी म्हटलं, ते आता नसतात इथं. आपण?

"मी अलोऱ्याचा," तो म्हणाला.

मी त्याला बसा म्हटलं, पंख्याचा वेग वाढवला. जे झालं ते, म्हणजे जे केलं ते, सगळं त्याला सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. मग खाली बघत बोलायला लागला.

"अहवाल आल्यावर जुन्या टीममधल्या बऱ्याच जणांचे फोन आले. आम्हाला वाईट वाटतं म्हणाले. तुझ्याबरोबर फार वाईट झालं म्हणाले. 'तुला ते मी बोललो', असं कोणीच म्हटलं नाही. अहवालात तसं म्हणणारे हे सर एकटेच."

मी सरांना फोन लावला. "तुमच्याकडे कोणीतरी आलंय," एवढंच म्हटलं आणि फोन त्याच्या हातात दिला. त्यानं नाव सांगितलं.

"ऐकताय ना?" तो म्हणाला. "मुलगी खेळायचं म्हणते माझी. गोलकीपर व्हायचंय तिला. तुमच्याकडेच घालायची म्हणून आलो होतो."

मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले. नळ सोडला आणि तांब्या भरून वाहायला लागला तरी तशीच उभी राहिले.