पहिलीचा रेघांचा तास

"रबर इकडे द्या." चित्रकलेच्या बाई वर्गाच्या दारातच हात पुढे करायच्या. पहिलीतली चिल्लीपिल्ली आपापलं खोडरबर त्यांच्या हातावर ठेवून आत जायची. एखादं कुरकुरायचं, "बाई, रेघ चुकली तर?"

"चुकली तर चुकली. पुसायची नाही, पुढे न्यायची."

कल्याणच्या आमच्या शाळेत मी पहिलीची वर्गशिक्षिका. बाई ठाण्याच्या नौपाड्याहून यायच्या. अंगाने काडी, आवाज मात्र खणखणीत. बाकं भिंतीला लावायच्या, पदर खोचून मुलांबरोबर फरशीवर बसायच्या आणि तिथंच रेघा काढायला खडू वाटायच्या. "आज रागावलेली रेघ काढा." म्हटलं की मुलं कराकरा खडू मोडायची. "आता आजोबांची रेघ." की सगळे खडू थरथरत निघायचे.

तास संपल्यावर माझ्या वर्गाचा अवतार बघवत नसे. मी चिडायचे. "अहो, आंबा, झोपडी, डोंगरामागचा सूर्य, असं काही शिकवा की!"

"तो सूर्य मुलं जन्मभर काढणारच आहेत हो," त्या शांतपणे म्हणायच्या. अशा माणसाशी भांडणार तरी कसं, तुम्हीच सांगा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हेडमास्तरांनी ठरवलं, पहिलीचा चित्रकलेचा तास गणिताला द्यायचा. "रेघोट्या काय, पोरं घरीही मारतात." बाईंचा चेहरा उतरला, पण मागे हटतील तर शपथ! रोज सकाळी ऑफिसच्या दारात उभ्या. "सर, एक तास येऊन बघा. मग खुशाल बंद करा." शेवटी सर वैतागून आले.

मुलं घरापासून शाळेपर्यंतची रेघ काढत होती. सर तरातरा आत शिरले आणि खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक चिमुरडी किंचाळली, "सर, पाय उचला! भरती आयली!"

तिच्या रेघेच्या लाटा सरांच्या चपलेला टेकल्या होत्या. आणि काय सांगू, सरांनी चक्क पाय उचलला! भिंत धरून, एका पायावर उभे.

"आता ठेवू कुठे?"

"थांबा, होडी काढतंय."

मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, जरा दम धरा. तिची रेघ पुरी होऊ द्या."

सर थांबले. होडीत पाय ठेवून बाहेर पडले. तासाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढे काही वर्षांनी बाई आजारी पडल्या आणि त्यातच गेल्या. त्यांच्या जागी कुणी मिळेना. त्या तासाला मी गणित घेतलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. पण मी दारात उभी राहिले, हात पुढे केला. "रबर इकडे द्या." बाईंचा खणखणीतपणा माझ्याकडे कुठला? फार आठवण आली त्यांची.

मुलं फरशीवर रेघा काढू लागली. तेवढ्यात तेच हेडमास्तर आले. उंबऱ्याशीच थांबले, चपला काढल्या, खाली वाकून बघितलं आणि मुलांना विचारलं, "पाणी कुठवर आलंय रे?"