मोहरीची पिशवी

स्वादुपिंड नावाचं काही पोटात असतं, हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं. बायको त्याच्याच कॅन्सरनं गेली. तीन महिने झाले. रडू येत नाय. जेवतो, झोपतो.

बावीस वर्षांमागं तिला छातीचा कॅन्सर झाला हुता. डावी बाजू काढून टाकली. पोरगी लग्नाची हुती, म्हणून कुणाला सांगितलं नाय. पोरीलाबी नाय, चरबीची गाठ काढली म्हणलं. औषधानं केस गेले तेव्हा तिरुपतीला देऊन आलो म्हणून सांगितलं. शेजारणी प्रसाद मागाय लागल्या. शहागंजातल्या मिठाईवाल्याकडनं लाडू आणून वाटले.

झंपराच्या कापडाची पिशवी शिवून ती झंपराच्या आत डाव्या बाजूला ठेवायची. आधी ज्वारी भरली, तिला कीड लागली. मग मोहरी भरली. पाच वर्षांनी डॉक्टर म्हणले, बरी झाली. तिनं फाइल न्हाणीच्या बंबात घातली.

मागच्या वर्षी तिची पाठ दुखाय लागली. जेवण तुटलं. रक्तात साखर निघाली, कधी नव्हती ती. शहागंजातल्या डॉक्टरनं विचारलं, "मावशी, आधी काही मोठा आजार?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मीच बोललो, "काय नाय. हिला कधी सर्दी होत नाय."

चार महिने पित्ताच्या अन् साखरेच्या गोळ्या खाल्ल्या. डोळे पिवळे पडले तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं तपासताना व्रण बघितला.

"बाबा, हे लपवलंत का?"

"लपवलं नाय. सांगितलं नाय."

ती म्हणली, एकदा कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्यांतल्या काहींना दुसरीकडं व्हायचा धोका जास्त असतो. सगळ्यांना नाय होत. पण माहीत असलं की डॉक्टर त्या नजरेनं बघतो.

"चार महिन्यानं फरक पडला असता?"

"सांगता येत नाही. हा लवकर सापडतच नाही बहुतेकदा. मुलगी आहे ना तुम्हाला? कधी कधी हे रक्तातून येतं. तिला सांगा, तपासून घेऊ द्या."

बायको पडल्या पडल्या म्हणली, "तिच्या सासरी कळू देऊ नका." तिचं शेवटचं धड बोलणं तेच.

मागच्या रविवारी पोरगी दौलताबादहून आईच्या साड्या आवराय आली. पेटीच्या तळाला पिशवी निघाली.

"अप्पा, साड्यांत मोहरी कशाला ठेवली आईनं?"

मी सगळं सांगितलं. शहागंजातल्या डॉक्टरला मी काय बोललो ते सांगितलं. लाडवांचंबी सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणली तेबी.

ती पिशवी दाबत बसली. मोहरी आत करकर वाजत हुती.

"आत्ता नको अप्पा. पुढच्या महिन्यात माझ्या पोरीला बघायला येणारेत. तिचं लगीन होऊ द्या, मग जाऊ तपासायला."

"तुझ्या लग्नाच्या टायमाला तुझी आईबी हेच म्हणली."

"मग सासूबाईंना काय सांगू? तिरुपतीला चालले?"

मी तिचा फोन घेतला. तिच्या सासूचा नंबर तिनंच लावून दिला, तोंड फिरवून.

"विहीणबाई," मी म्हणलं, "बावीस वर्षं तुमच्याशी खोटं बोललो. जरा बसून ऐका."