अर्धी गाडी

आमच्या घरी गाडी आहे असं मी शाळेत सांगायचे, तेव्हा मैत्रिणी मला थापाडी म्हणायच्या. थाप नव्हती ती, फक्त अर्धं खरं होतं. गाडी आमच्या अंगणात विटांवर उभी होती आणि तिची चाकं काकांच्या घरी पलंगाखाली होती.

गाडी इंग्लंडची. दोनच सीटची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. आजोबा संस्थानच्या मोटारखान्यात अधिकारी होते. संस्थान विलीन झालं आणि गाड्या मिळेल त्या भावाला निघाल्या, तेव्हा त्यांनी ही घेतली. रविवारी ते दोन्ही मुलांना, म्हणजे वडिलांना आणि काकांना, शहराबाहेर सिमरोलच्या बाजूला फिरवायला न्यायचे. एक मुलगा शेजारी बसायचा, दुसरा मागे, दुमडलेल्या टपावर. जाताना एकाने पुढे बसायचं, येताना दुसऱ्याने. आजोबा होते तोवर या नियमावर कधी तक्रार झाली नाही.

आजोबा गेल्यावर वडिलांनी मामाच्या लग्नात गाडी नेली, काकांना न विचारता. येताना मडगार्डला पोचा पडला. काका कॉलेजात शिकवायचे, आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात वडील मिलमध्ये पाळीवर असताना ते ठेला घेऊन आले. चारही चाकं काढली, इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणारे दोन्ही कार्ब्युरेटर काढले, गाडी विटांवर टेकवली आणि आईला म्हणाले, "वहिनी, दादाला सांगून द्या, गाडी आम्हा दोघांची आहे. मी माझी अर्धी घेऊन चाललोय. हिसाब बराबर." शिकलेली माणसं वेडेपणा करतात तेव्हा तोही किती नीटनेटका करतात! नट-बोल्टसुद्धा त्यांनी डब्यात मोजून नेले होते.

तेव्हापासून दोघे एकमेकांच्या दारात गेले नाहीत. लग्नाकार्यात भेटले तर एक मांडवाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मधल्या निरोपांची ने-आण आई आणि काकू करायच्या.

मग मिल बंद झाली. वडील तिथल्या इंजिनिअरिंग खात्यात होते. सगळे म्हणत होते की मिल परत चालू होईल, आणि वडील तर सगळ्यांत मोठ्याने म्हणायचे. हळूहळू ते म्हणायचे थांबले. त्याच दिवसांत शहरात दुसरीकडे पैसा उतू जात होता. रस्त्यांवर नव्या परदेशी गाड्या दिसू लागल्या होत्या, आणि ज्यांच्याकडे त्या आल्या त्यांना आता जुन्याही हव्या होत्या.

असाच एक तिशीतला व्यापारी एका सकाळी आमच्याकडे आला. जुन्या गाड्या जमवायचा त्याला नाद होता. पांढरी पँट घालून तो खुशाल गाडीखाली झोपला, टॉर्च मारून इंजिनावरचा नंबर बघितला, लाकडी चौकटीवर बोटांनी ठोकून बघितलं. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"अंकलजी, इंजन वही, चेसिस वही. पहिये और कार्ब्युरेटर किधर हैं?"

"हैं," वडील म्हणाले. "भाई के पास."

त्याने सरळ सांगितलं. अस्सल चाकांसकट पूर्ण गाडी असेल तर तिची किंमत वेगळी. अर्धी असेल तर भंगारापेक्षा थोडी वर. पूर्ण गाडीचा आकडा त्याने सांगितला तेव्हा आईने दाराची चौकट धरली. "दोनों भाई बैठ के बात कर लो," तो म्हणाला. "दिवाली तक रुकता हूँ." काकांनाही त्याने हेच सांगितलं होतं.

मध्ये दसरा आला. आमच्यात धाकट्याने मोठ्याला सोनं द्यायला जायचं. वडिलांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ओट्यावर जाऊन बसले. फाटकाची कडी लावू नकोस, असं मला दोनदा बजावलं. दिवस कलता कलता काकू आल्या, एकट्याच. वडिलांच्या हातावर आपट्याची पानं ठेवून वाकल्या.

"तो?"

"दादा, ते म्हणतात, 'दादाने एकदा येऊन जावं. मग मी रोज येईन.'"

"मी मोठा आहे ना? मग मी कसा जाणार, तूच सांग."

काकूंनी चहा घेतला आणि गेल्या. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत आईने दम धरला, मग म्हणाली, "अहो, जा की! चाकंच तर आणायची आहेत."

"चाकांचा सवाल नाहीये," वडील म्हणाले.

नव्हताच. आज मला कळतं, आणि कळलं की दोघांचाही राग येतो. मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्यांची आपल्याकडे फार वाहवा होते, पण त्यांच्या घरात राहून बघावं. दोघांनी आपापला अर्धा भाग इतकी वर्षं जपला होता, कारण गाडी अर्धी होती तोवर एकाला कधीतरी दुसऱ्याकडे यावंच लागणार होतं.

कुणीच आलं नाही. दिवाळीनंतर व्यापारी ट्रक घेऊन आला आणि आमच्या विटा रिकाम्या झाल्या. ते ऐकून काकांनीही पुढच्या आठवड्यात पलंगाखालचं सामान देऊन टाकलं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. त्याला नावं ठेवायला जागा नव्हती, त्याने सगळं आधीच सांगितलं होतं.

काही वर्षांनी शहरातल्याच विजय नगरला जुन्या गाड्यांची रॅली निघाली, तेव्हा त्याने आठवणीने दोन्ही घरी निमंत्रण पाठवलं. गाडी मी ओळखलीच नाही. चाकांवर उभी असलेली ती मी कळत्या वयात पहिल्यांदाच बघत होते. वडील बॉनेटच्या एका बाजूला उभे राहिले. दुसऱ्या बाजूला काका आधीच येऊन उभे होते. इंजिन सुरू होतं, पण अडखळत होतं, आणि मेकॅनिक पेचकस घेऊन घाम पुसत होता.

"मागचा कार्ब्युरेटर कमी ओढतोय," काका म्हणाले, इंजिनाकडे बघत.

"पुढचा जास्त ओढतोय," वडील म्हणाले, तेही इंजिनाकडेच बघत.

मेकॅनिकला मराठी येत नव्हतं. "दीदी, क्या बोल रहे हैं?"

"दोनों एक ही बात बोल रहे हैं," मी म्हटलं.

त्याने दोन्ही कार्ब्युरेटरचे स्क्रू जरा जरा फिरवले. इंजिन एका लयीत लागलं. ते चालू होतं तोवर दोघे मान खाली घालून ऐकत राहिले. मग मेकॅनिकने ते बंद केलं आणि वडिलांनी मला स्कूटर काढायला सांगितलं.

स्कूटरवर ते मागे बसले होते. बरंच पुढे आल्यावर म्हणाले, "तो बारीक झालाय का गं? मी नीट बघितलंच नाही."

"खूप बारीक झालेत. वळवू का स्कूटर?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, मला ते मागे जाणवत होतं.

"काय निमित्त सांगून जाऊ आता?" ते म्हणाले.