आईचं मायलेज

आमचे बाबा मानेसरच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. त्यामुळे घरात कुणाचं काही बिघडलं की त्यांना आधी इंजिनच दिसायचं. पुण्याहून गुडगावच्या नव्या, अर्ध्या बांधलेल्या सेक्टरात आलो आणि वर्षभरात आई फुगली. जेवण तेच, दोन पोळ्या. बाबांनी निकाल देऊन टाकला, "पेट्रोल जळलं तर गाडी पळते, उरलं तर टाकीत साठतं. साधं गणित आहे. तू चोरून खातेस."

"मी? चोरून? माझ्याच घरात?" आई एवढी भडकली की गॅसवरची भाजी करपली.

बाबा कसले ऐकतात! त्यांनी तुपाच्या बरणीवर पेनाने खूण केली. आठवड्यात तूप खाली गेलं. जाणारच! गरम भातावर तुपाची धार सोडणारे बाबा स्वतः, आणि अंगावर मांस म्हणाल तर चिमूटभर.

"खाता तुम्ही आणि चढतं मला. वा रे न्याय!" आई म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून ती एका पोळीवर आली. मी तेव्हा कॉलेजात होते. मला बाबांचा असा राग यायचा की सांगता सोय नाही.

एका पोळीवर आई आणखी जाड झाली. दिवसभर पेंगायची. होळी झाली, एप्रिल उजाडला, तरी अंगातला स्वेटर निघेना. शेजारची आंटी हसायची, "भाभीजी, अप्रैल में स्वेटर?" बाबा म्हणायचे, "नाटकं."

शेवटी मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाबाही आले, आपलं गणित बरोबर निघतंय का बघायला. बाईंनी खाण्याचं विचारलंच नाही. आईचा गळा चाचपला आणि म्हणाल्या, "ठंड बहुत लगती है?"

आई ढसाढसा रडायला लागली. इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा.

रक्त तपासलं, तर थायरॉईड. खाल्लेलं जाळणारी आगच मंदावलेली. म्हणून ऊब नाही, उत्साह नाही, वजन मात्र आहे. "ये झूठ नहीं बोल रहीं," बाईंनी बाबांना सुनावलं.

गोळ्या सुरू झाल्या. जूनमधल्या एका दुपारी पोळ्या लाटता लाटता आईने पदराने कपाळ पुसलं आणि ओरडली, "अगंबाई, काय उकडतंय!"

बाबा पेपर टाकून उठले. कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं, त्याचं तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं. जेवताना हळूच म्हणाले, "दुसरी पोळी घे ना."

"घेईन," आई म्हणाली. "तूपही घेईन. आणा तुमचं पेन."