पाचच्या गाडीवाला

गोंदियाच्या रेलटोलीत चुन्नीलाल टेंभऱ्यांचा सायकल स्टँड आहे. सायकली आता औषधापुरत्या उरल्यात, सगळ्या मोटारसायकली नि स्कूट्या. पण पाटीवर सायकल काढलेली आहे म्हणून तो सायकल स्टँडच. पाटी लावली चुन्नीलालच्या वडिलांनी, बिसरामजींनी, छोट्या लाइनच्या काळात. छोटी लाइन म्हणजे बालाघाटकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी. ती गेली, तिथून मोठी गाडी धावायला लागली, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण रेलटोलीत कुणाला न्हाव्याच्या दुकानाचा पत्ता विचारा, तो 'छोट्या लाइनच्या फलाटासमोर' असंच सांगतो, आणि नवखा माणूस नसलेला फलाट शोधत उन्हात फिरतो. किल्ल्या बनवणारा, आलूबोंडेवाला, राइस मिलचे पट्टे विकणारा, सगळ्यांचे पत्ते त्या नाहीशा झालेल्या फलाटावरच अजून उभे आहेत.

स्टँडची जागा म्हणजे नुसती बोळ. रुंदी दहा हात, लांबी भरपूर, तोंड एकच. इथे मिळेल तशा गाड्या लावल्या तर संध्याकाळी मारामारीच. म्हणून बिसरामजींनी एक रीत घालून दिली होती. आलेल्या माणसाचं नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, चिठ्ठी द्यायची नाही. विचारायचं एकच : "परतीची गाडी कोनती?" जो लवकर येणार त्याचं वाहन तोंडाशी, जो उशिरा येणार त्याचं आत, अगदी तळाला. आगगाडी आली की तिची ओळ निघाली. चुन्नीलालने एकेचाळीस वर्षं हे असंच चालवलं. एकही वाहन हरवलं नाही, एकही चेहरा विसरला नाही.

मात्र सांगितली एक नि आला दुसऱ्याच गाडीने, अशा गिऱ्हाइकाची धडगत नव्हती. "सांगतली कोनती, आला कोनत्या? बस तिथं," असं म्हणून चुन्नीलाल दारातल्या बाकाकडे बोट दाखवायचा. मास्तर असो, फौजदार असो, पुढच्या ओळी निघेपर्यंत बसायचं. जिभेने फटकळ, पण न्याय सगळ्यांना सारखा.

आता गुडघे बोलायला लागले होते. मुलगा दुर्गेश एसटीत कंडक्टर, त्याला स्टँडात रस नव्हता. सून प्रेरणा गोरेगावकडची, तीन वर्षं संध्याकाळी मदतीला बसायची; पण आख्खा स्टँड बाईमाणसाला झेपेल की नाही, हे चुन्नीलालच्या मनात ठरत नव्हतं. त्यात लोकेंद्र हा मोबाइलवाला जागेसाठी मागे लागला होता. त्याला तिथे काचेच्या दारांचं दुकान थाटायचं होतं. चुन्नीलालने त्याला सांगून टाकलं, "बालाघाटले लग्नाले चाललो. दोन दिवस सून बसते. तिले जमलं तं स्टँड राहीन, नाई तं जागा तुही." प्रेरणाला मात्र यातलं अवाक्षर सांगितलं नाही. असा हा परीक्षक!

निघायच्या सकाळी तो फुलचूरच्या घरून आपल्या लुनावर आला. प्रेरणा दारातच उभी होती.

"परतीची गाडी कोनती, मामाजी?"

सासऱ्यालाही विचारते, हे त्याला मनातून आवडलं. "उद्याची पाचची," तो म्हणाला. प्रेरणाने लुना ढकलत ढकलत पार तळाला नेऊन लावली.

बालाघाटला थोरली बहीण मुन्नीबाई, तिच्या नातवाचं लग्न. मांडवासमोर पाहुण्यांच्या मोटारसायकली कशाही लागलेल्या. चुन्नीलालला ते बघवेना. सफारीच्या बाह्या सरसावून तो दारात उभा राहिला नि येईल त्या पाहुण्याला विचारू लागला, "परत कवा जाता?" पहिले दोघे हसले. तिसरे निघाले नवरीचे मामा. त्यांनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. "आम्ही येऊन राहिलो, अन् तुमाले आमच्या जायाची घाई?" असं म्हणून ते तसेच रस्त्याकडे वळले. चौघांनी धरून आणलं तेव्हा कुठे जेवायला बसले.

मुन्नीबाईने भावाला कोपऱ्यात घेतलं. "चुन्या, आल्या आल्या पाहुन्याले कवा जासी म्हनून विचारते का कोनी? लग्न हाये हे, स्टँड नोहे!"

चुन्नीलाल ओशाळला. पण खरं सांगायचं तर त्याचा जीव तिथे नव्हताच. पंगतीत वरण वाढलं जात असताना तो मनात रेलटोलीच्या ओळी मोजत होता. दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत थांबायचं होतं, पण मामांची नजर चुकवायची हे निमित्त झालं नि तो सकाळच्याच गाडीत बसला. न सांगता गेलं की खरं काय ते दिसतं, हाही एक हिशेब होता.

पावणेअकराला गाडी गोंदियाला लागली. गर्दीबरोबर स्टँडावर पोचला आणि पाहतो तो काय! भिंतीवर वडिलांनी रंगवलेल्या ओळींच्या नावांखाली खडूने नव्या वेळा लिहिलेल्या. या गाडीला चुन्नीलाल आजही 'बाराची' म्हणायचा, कारण छोट्या लाइनवर ती बाराला यायची. सकाळचं कॉलेज करून परतणाऱ्या पोरी बिचाऱ्या 'पावणेअकराची' म्हणायच्या, नि हा त्यांना ठणकावायचा की तशी गाडीच नाही! आता तिथे स्वच्छ अक्षरात पावणेअकरा. चुन्नीलालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांच्या भिंतीला खडू?

तो तोंड उघडणार तोच गर्दी आत शिरली. प्रेरणाने पदर खोचला, तोंडाशी लावलेली ओळ सोडली, आणि पान खाऊन थुंकेपर्यंत तीस गाड्या रस्त्याला लागल्या. ना आरडाओरडा, ना कुणाचा आरसा तुटला. एक पोरगी जाताना म्हणालीसुद्धा, "वहिनी, आता समजते बरं, कोन्ती ओळ ते!"

चुन्नीलालने खडूचा विषय गिळून टाकला. मालकाचा आब राखायला काहीतरी बोलायला हवं होतं. "माही लुना काहाड," तो म्हणाला.

"तुमची तं पाचची ना, मामाजी?"

"आलो ना लवकर!"

"साठ गाड्या हायेत म्होरं. लोकं कामाले गेले." प्रेरणाने मान खाली घातली, पण आवाज खाली घातला नाही. "सांगतली कोनती, आले कोनत्या? बसा तिथं."

किल्लीवाल्याने हातातली कानस खाली ठेवली. आलूबोंडेवाल्याची कढई जळायला लागली तरी तो हसतच होता. चुन्नीलालने एकवार सगळ्यांकडे डोळे वटारून पाहिलं, ऑटोकडे पाहिलं, मग गुपचूप बाकावर जाऊन बसला. ऑटोने घरी गेला असता तर रेलटोलीने जन्मभर सुनावलं असतं.

एकेचाळीस वर्षांत तो त्या बाकावर पहिल्यांदा बसला होता. बाकाचा एक पाय आखूड होता. दुपारी ऊन थेट तोंडावर यायचं. या बाकावर आपण बाळंतिणीला न्यायला आलेल्या बापाला बसवलं, परीक्षेला निघालेल्या पोरांना बसवलं, हे त्याला एकेक आठवायला लागलं आणि खरोखरच वाईट वाटलं. प्रेरणाने डबा दिला, पाणी दिलं, सावलीला ताडपत्री बांधून दिली. लुना तेवढी दिली नाही. तो दुपारभर सुनेकडे पाहत राहिला. ती चेहरे विसरत नव्हती. म्हाताऱ्यांना आधी सोडत होती. एका माणसाने दांडगाई केली तर त्याला तिने असं झापलं की चुन्नीलालला वाटलं, बिसरामजीच बोलले.  जे आपण दोन दिवसांत पारखायला निघालो होतो, ते तीन वर्षं समोर होतं, आपणच आंधळे.

सव्वाचारला लोकेंद्र आला, नोकराच्या हातात मोजायचा टेप देऊनच. "काय मग काका, जागेचं काय ठरलं?"

चुन्नीलालने बाकाखाली वीट सारून पाय नीट केला, ऐसपैस बसला, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मले कायले विचारता जी? मी तं पाचच्या गाडीवाला गिऱ्हाईक. मालकीन त्या बसल्या, त्याईले विचारा."

प्रेरणाचा हात एका स्कूटीच्या हँडलवर होता, तो तिथेच थांबला. तिने सासऱ्याकडे पाहिलं. त्याने नुसती मान डोलावली. तिने पदराच्या टोकाने पटकन डोळे पुसले आणि लोकेंद्रकडे वळली.

"जागा नाई भेटत, भाऊ. अन् थो टेप आवरा, वाटेत आडवा येऊन राहिला."